जरा धरा, आलोच

योहानकाकांची आणि तुमची ओळख झाली, की पहिल्या मिनिटालाच त्यांची एखादी वस्तू तुमच्या हातात आलेली असते. छत्री, मफलर, जेवणाचा डबा, चष्म्याचं घर, कधी नुसताच अर्धा खाल्लेला पेरू. "जरा धरा, आलोच," एवढं म्हणून ते गर्दीत दिसेनासे होतात. तुम्ही आपले पेरू धरून उभे. समोरून तुमची जिंतूरची बस निघून जाते. पेरू टाकवत नाही, कारण तो दुसऱ्याचा आहे, आणि खाववतही नाही, त्याच कारणानं.

परभणीच्या बसस्थानकापासून रेल्वे स्टेशनापर्यंत योहानकाकांच्या वस्तू धरून बसलेली माणसं कायम सापडतील. त्यांच्यातलीच एक मी.

मी तिथं कशी पोचले ते आधी सांगते. समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला इंटर्नशिप सक्तीची असते. वर्गातल्या बाकीच्यांना पाणलोट, बचत गट असली भारदस्त कामं मिळाली. माझ्या वाट्याला चर्चच्या मागच्या दोन खोल्यांतून चालणारी एक सेवा आली. रस्त्यावर राहणाऱ्या माणसांना भेटायचं, जखमा बांधायच्या, चहा पाजायचा, आजारी असेल त्याला दवाखान्यात न्यायचं आणि रोज निघण्याआधी प्रार्थना करायची.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा बापूंचा घास हातातच राहिला. माझे बापू पूर्णेला रेल्वेत खलाशी होते आणि युनियनची सगळी पत्रकं तेच लिहीत. आमच्याकडे डाळ निवडायची ती पत्रकांवर, फडताळात कागद घालायचा तो पत्रकांचा, आणि मी अक्षरं जुळवून पहिल्यांदा वाचलं ते 'आई' किंवा 'कमळ' नाही, तर 'कामगार बंधू-भगिनींनो, जागे व्हा'. माझं नाव क्रांती. मोठी झाल्यावर मीही पत्रकं लिहू लागले, वसतिगृहाच्या पाण्यावर, मेसच्या पोळीवर, वाचनालयाच्या कुलपावर. अन्याय दिसला, की माझा हात आधी कागदाकडे जातो. याची मला लाज वाटत नाही.

तर पहिल्या दिवशी मी एक लेखी निवेदन घेऊनच गेले. मी कोणाचाही धर्म बदलण्यात सहभागी होणार नाही. प्रार्थनेला उभी राहीन, पण डोळे मिटणार नाही. 'दया' हा शब्द न वापरता 'हक्क' म्हणेन. खाली सही.

सेवेच्या प्रमुख रूथताई. दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. त्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं, घडी करून परत दिलं आणि म्हणाल्या, "डोळे उघडे ठेवणारं एक माणूस हवंच होतं आम्हाला. प्रार्थनेच्या वेळी बाहेरच्या चपला जातात."

मागं खुर्चीवर एक उंच, वाळकुडा म्हातारा खंजिरी पुसत बसला होता. एसटीतला निवृत्त कंडक्टर, हे मला नंतर कळलं. त्यानं माझ्या हातातून निवेदन घेतलं, तिकीट तपासावं तसं दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"लय चांगलं लिहिलंय. क्रांतीबाई का नाव? चला, बसस्टँडवर जाऊ."

स्टँडवर पोचलो. माझ्या डोक्यात सर्वेक्षणाचे प्रश्न तयार होते. तेवढ्यात खंजिरी माझ्या हातात आली.

"जरा धरा, आलोच."

मी भर स्टँडात खंजिरी घेऊन उभी. लोकांनी माझ्याभोवती थोडी जागा केली. पाथरीच्या बसची वाट पाहणारी एक बाई पदर सावरून म्हणाली, "म्हना की मग. आमची गाडी लागंपर्यंत एखांदं व्हईल."

माझ्या सामाजिक कार्याची सुरुवात ही अशी झाली.

आधी मला वाटलं, माणूस विसरभोळा आहे. मग वाटलं, आळशी आहे, ओझं दुसऱ्यावर टाकतो. हळूहळू लक्षात आलं, की काका वस्तू कुणालाही देत नाहीत. बॅगवाले, इस्त्रीच्या कपड्यांतले, मोबाइलवर बोलणारे, यांना ते वगळतात. स्टेशनाच्या जिन्याखाली एक केस वाढलेला गडी स्वतःशी बोलत बसायचा. बाया त्याच्या जवळून जाताना पर्स छातीशी धरायच्या. काकांनी त्याच्या हातात जेवणाचा डबा दिला आणि गेले. ते परत आले तेव्हा डबा मांडीवर, त्यावर दोन्ही तळहात, आणि गडी आल्यागेल्याला दटावत होता, "लांबून जा. कंडक्टरचा डबा हाय."

हा प्रकार मला पटला नाही. मी त्यांना तोंडावर विचारलं, "काका, उपाशी माणसाला डबा खायला द्यायचा की राखायला?"

"दोन्ही. आदी राखायला, मंग संगं बसून खायला. येशूनं विहिरीवर त्या बाईला आदी काय दिलं? काईच न्हाई. उलटं पाणी मागितलं तिला. द्यायचं ते मंग दिलं."

"आणि डबा घेऊन पळाला असता तर?"

"छत्री गेलती एकदा."

"मग?"

"आली की परत. पावसाळा सरल्यावर आली, पन आली." मग ते थांबून म्हणाले, "तुमी हक्क म्हणता, बराबर हाय. पन क्रांतीबाई, नोकरीभर मी पैशाची थैली काखंतून सोडली न्हाई. पाशिंजरवर इस्वास न्हाई, डायव्हरवर न्हाई. घरी जेवतानाबी काख आवळलेली. मार्था म्हनायची, अवो, आता तरी हात मोकळा करा. रिटायर झालो आन म्हनलं, चला, करू मोकळा."

मार्था म्हणजे काकांची बायको. ती आता नाही, एवढंच मला माहीत होतं. तिच्याबद्दल ते फार बोलत नसत. बोलले, की लगेच हातातलं काहीतरी कुणाला तरी धरायला देऊन निघून जात.

स्टँडबाहेर करीमचाचांची चहाची टपरी आहे. छत्रीचं मुख्य ठाणं तेच. चाचा माझ्याकडे तक्रार करायचे, "देखो बेटी, आतूं बोलको गये सो अब्बीतक नै आये. मैं दुकान देखूं के छत्री देखूं?" पण गिऱ्हाईक छत्रीला टेकलं, तर चाचा भडकायचे. एकूण काय, शिव्या सगळे घालायचे आणि धरायचेही सगळे.

'धरत नाही' असं म्हणणारं माणूस साऱ्या परभणीत एकच निघालं. सगुणाबाई.

दिवाळी होऊन गेली होती. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या गावोगाव ट्रकमध्ये चढत होत्या. स्टँडच्या कडेच्या खांबाशी पोत्यावर एक म्हातारी बसलेली दिसली. मांडीवर हिरव्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं. उजव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी, आणि चिंधीवर माश्या. गंगाखेडकडची. मुलगा आणि सून तोडीला निघाले होते. मुकादम एक कोयता मोजतो म्हणजे नवराबायकोची एक जोडी. म्हातारं माणूस त्याच्या हिशेबात बसत नाही. मुलानं तिला या खांबापाशी बसवलं, गाठोडं मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "इथंच बस माय. हे धर. आलोच."

तेव्हापासून ती बसली होती.

हे ऐकलं आणि मला संताप आला. मुलावर, मुकादमावर, कारखान्यावर, ज्या व्यवस्थेत आई हे जास्तीचं वजन ठरतं त्या व्यवस्थेवर. त्याच संध्याकाळी घरी जाताना पूर्णेच्या गाडीत बसल्या बसल्या मी पत्रक लिहिलं, 'सगुणाबाईचा पाय हा कोणाचा प्रश्न?' दुसऱ्या दिवशी झेरॉक्स काढून आणलं आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग कागद मागून घेतला, चाचपला, घडी घातली आणि पोत्याखाली फरशीवर जिथं गार लागत होतं तिथं सरकवला.

"कागद जाड हाय गं पोरी. अजून असतील तर आन."

काकांचंही तिच्यापुढं काही चाललं नाही. ते मफलर घेऊन गेले. "माय, जरा धरा—"

"म्या न्हाई धरत. माजं मलाच धराया हाय."

दुसऱ्या दिवशी चष्म्याचं घर. "हलकं हाय माय."

"हलकं हाय तर तुमीच धरा."

काका इरेला पेटले. वस्तू दिवसेंदिवस लहान होत गेली. शेवटी ते भुईमुगाची एक शेंग घेऊन तिच्यापुढं उकिडवे बसले. "एवढी एक शेंग तरी धरा की."

"शेंग कुनी धरीत आसतं व्हय? खा की!"

काका उठले आणि शेंग खिशात टाकून निघाले. त्या दिवशी त्यांनी कुणालाच काही दिलं नाही. छत्री स्वतःच धरली. करीमचाचांना चुकल्यासारखं झालं.

रूथताई मात्र रोज त्या खांबाशी बसून अंगठा धुऊन बांधत होत्या. सगुणाबाईला साखरेचा आजार होता. एका सकाळी त्यांनी चिंधी सोडली आणि उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. अंगठा काळा पडला होता, पिंढरीपर्यंत लाल झालं होतं, अंगात ताप होता.

"आज दवाखान्यात न्यायलाच हवं," त्या आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या. "आज नेलं तर अंगठ्यावर भागेल. नाहीतर पाय जाईल, आणि नुसता पाय नाही."

आम्ही रिक्षा आणली. सगुणाबाईनं खांबाला मिठी मारली.

"म्या न्हाई हालनार. लेक यील. म्या दिसले न्हाई तर तो कुटं हुडकंल? 'इथंच बस' म्हनलाय."

"आजी, पाय जाईल तुमचा!"

"जाऊ दे. बसायला पाय कशाला लागतोय?"

"गाठोडं आमच्या खोलीवर ठेवू. कुलपात."

"त्यानं मला धर म्हनलंय. कुलपाला न्हाई म्हनलं."

रूथताईंनी समजावलं. मी हात जोडले, मग आवाज चढवला. काका तिच्या शेजारी उभे राहून मायेनं म्हणाले, "माय, चला. आलोच म्हनलेला मानूस येतोच—"

तिथं माझं डोकं फिरलं. गेले किती दिवस जो तो त्या बाईला काहीतरी धरायला सांगत होता. मुलगा, काका, आणि खरं सांगायचं तर पत्रक देऊन मीही. मी ओरडले, "काका, पुरे झालं तुमचं आलोच! सगळ्या गावाला धरायला लावता. एकदा तिचं तुम्ही धरा की!"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग ते सगुणाबाईसमोर खाली फरशीवर बसले, मांडी घालून, दोन्ही हात पुढं करून.

"माय, मी बसतो इथं. तुमच्या पोत्यावर. लेक आला तर मी दिसंन."

सगुणाबाईनं खांब सोडला नाही, पण मान वळवली. "उठून जाशीला."

"न्हाई जानार."

"तुमच्या देवाची आन घ्या."

काका अडले. खरोखर अडले. "आमच्यात आन घेत न्हाईत, माय. हो म्हनजे हो, एवढंच."

"मंग कसा इस्वास ठिवू?"

मला वाटलं, झालं, सगळं संपलं. काका खाली बघत होते. मग हळूच म्हणाले, "मी येष्टीत कंडक्टर होतो. नोकरीभर थैली काखंतून सोडली न्हाई."

सगुणाबाईनं त्यांना पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "येष्टीचे का?"

"येष्टीचा."

तिनं गाठोडं उचललं, गाठ एकदा ओढून बघितली आणि त्यांच्या हातात दिलं. काकांनी ते थेट काखेत घेतलं. इतक्या वर्षांची सवय. काख आपोआप मिटली.

"लेकाच्या डाव्या भुवईवर व्रण हाय. निळा सदरा. दत्ता म्हनून हाक मारायची, ओ देतो. म्हनावं, माय दवाखान्यात हाय, जाऊ नको."

"डावी भुवई, निळा सदरा, दत्ता," काकांनी थांब्यांची नावं घ्यावीत तसं म्हणून दाखवलं. रिक्षा निघाली.

ती दवाखान्यात होती तोवर तिच्याजवळ मी थांबत असे आणि मधून मधून स्टँडवर फेरी मारत असे. काका खांबाशी बसलेले. गाठोडं काखेत. चहाही एका हातानं प्यायचे. लघवीपाण्याला जायचे तेही गाठोडं घेऊन, आणि तेवढ्यापुरतं करीमचाचांना खांबाशी उभं करायचे, निळ्या सदऱ्यावर लक्ष ठेवायला. स्टँडवरच्या रखवालदारानं काठी आपटली, "ए बाबा, उठ." काका म्हणाले, "उठता येत न्हाई, ड्युटीवर हाय." एक भल्या घरची बाई पुढ्यात नाणं टाकून गेली, तेव्हा ते दुखावून तिच्यामागं ओरडले, "अवो ताई, तुमचे सुट्टे पडले!" त्यांच्याबरोबर काम केलेला एक ड्रायव्हर बसमधून उतरला, ओळख पटताच मटकन खाली बसला. "योहान, काय येळ आली रं तुज्यावर?" काकांनी त्याला निळ्या सदऱ्याची हकीकत सांगितली. तो गंगाखेडच्या गाड्यांवर सांगून ठेवतो म्हणाला.

मग एक वेगळीच गोष्ट घडू लागली. काका फिरायचे थांबले, त्यामुळं त्यांच्या वस्तू जिथल्या तिथं अडकल्या होत्या. जिन्याखालचा गडी डबा घेऊन स्टेशनावरून चालत आला. "तुमी आला न्हाईत. म्हनून मीच आलो." पुलाजवळ गाणारा आंधळा शाहीर मफलर घेऊन आला. मागोमाग करीमचाचा छत्री घेऊन. "धूप में बैठे सो. लेव, तुमारीच है." एकेक माणूस यायचं, वस्तू ठेवायचं, आणि लगेच न जाता थोडं टेकायचं. दुपारपर्यंत त्या खांबाशी मैफल जमलेली असायची.

ती पांगल्यावर एकदा मी काकांजवळ बसले होते. बसेस लागत होत्या, सुटत होत्या. खिडकीत बसलेली माणसं खाली उभ्या असलेल्यांना 'येतो' म्हणत होती, आणि खालचे 'या' म्हणत होते. काका ते ऐकत होते.

"आपल्यात निघताना जातो म्हनत न्हाईत," ते म्हणाले. "येतो म्हनायचं. मी पहाटंच्या ड्युटीला निगायचो तवा मार्था झोपंतच म्हनायची, या. एक दिस चुकली न्हाई."

समोरची बस सुटली.

"ती गेली तवापासून दाराला कुलूप लावताना तोंडात येतंच. येतो. आन आतून कायबी न्हाई." त्यांनी गाठोडं काखेत नीट केलं. "मंग म्हनलं, गावात चार ठिकानी वस्तू ठिवाव्या. परत जावंच लागतंय. आन कुनीतरी म्हनतंय, आलात का, लय उशीर केला."

माझ्या पिशवीत कोरे कागद होते. त्यांच्यावर लिहिण्यासारखं मला पहिल्यांदाच काही सुचलं नाही.

सगुणाबाईचा अंगठा गेला, पाय राहिला. तिला घेऊन आम्ही परत आलो त्या दुपारी स्टँडवर गर्दी कमी होती. रूथताईंनी खोलीवर तिच्यासाठी खाट टाकून ठेवली होती, पण ती म्हणाली, आधी खांब. रिक्षातून उतरून माझ्या खांद्यावर भार देत ती काकांसमोर उभी राहिली.

"आला का?"

"न्हाई आला, माय." काकांनी मान खाली घातली नाही. "मी इथंच होतो. निळे सदरे लय आले. दत्ता म्हनून हाक मारली सगळ्यांना."

 मग वाकून तिनं गाठ चाचपली. तिचीच गाठ, तिनं मारली होती तशीच. काकांनी काख सैल केली आणि गाठोडं पुढं केलं.

तिनं घेतलं नाही.

"घशाला कोरड पडली," ती म्हणाली. "च्या पिऊन येते. तवर धरा जरा. आलेच."

काकांनी गाठोडं परत काखेत घेतलं. रूथताई म्हणाल्या, "चला काका, प्रार्थनेची वेळ झाली."

"कसा येऊ? बाई 'धरा' म्हनून गेल्यात."

मी तिला करीमचाचांच्या बाकड्यावर बसवलं. चाचांनी कप-बशी पुढं केली. तिनं चहा बशीत ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला आणि मान वळवून खांबाकडे पाहिलं. काका ताठ बसले होते, डोळे आमच्या टपरीवर लावून.

"आजी, सावकाश प्या," मी म्हटलं. "पाय हलवू नका इतक्यात. बसा जरा."

तिनं बशी तशीच खाली ठेवली आणि माझ्या खांद्याला हात घातला.

"न्हाई गं पोरी. उठ. तिकडं मानूस वाट बघायलाय."